एक ठोका, मग थांबायचं

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणतीस वर्षं झाली आणि मी तुम्हाला हे पहिलंच पत्र लिहिते आहे. तुम्ही होतात तेव्हा कधी लिहावं लागलं नाही. माहेर भांडी बाजारामागच्या बोळात, सासर पंचवटीत, मधे गोदावरी आणि एक पूल; पत्र पेटीत टाकायच्या आधी मीच तुमच्या भट्टीपाशी येऊन उभी राहिले असते. आता मात्र खरोखरच लांब आले आहे. इटलीत आहे, तुमच्या नातवाकडे. दोन वर्षांचा होता तेव्हा तुमच्या मांडीवर बसून तो तुमची मिशी ओढायचा आणि तुम्ही मला हाक मारायचात, "अगं, धर ह्याला, नाहीतर मुळासकट उपटेल." तो आता बाटल्या भरायची यंत्रं बनवणाऱ्या इथल्या कारखान्यात इंजिनीअर आहे. चार दिवसांपूर्वी मी इथल्या एका चर्चमध्ये जाऊन असा काही घोळ घातला की त्यातून तुम्ही ओतलेल्या त्या सिन्नरकडच्या घंटेची गोष्ट पुन्हा वर आली. ती घंटा मुकी का निघाली, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पंचेचाळीस वर्षं ते सांगायचं राहून गेलंय. राहून गेलंय असं म्हणते, पण ते खरं नाही. मी सांगितलं नाही.

आधी इथलं सांगते. गाव डोंगराच्या उतारावर आहे, देखणं आहे, आणि रिकामं आहे. मुलगा आणि सूनबाई सकाळी साडेसातला बाहेर पडतात आणि संध्याकाळी सहाला येतात. मधले साडेदहा तास माझे. स्वयंपाक दोन तासांत उरकतो, तोही ताणून. मग मी खिडकीशी उभी राहते. समोरच्या घराच्या खिडक्या लाकडी झडपांनी बंद. त्यांच्यामागे कुणी राहतं की नाही हे दीड महिन्यात मला कळलेलं नाही. तुमचे जावई जाऊन पाच वर्षं झाली. नाशिकच्या फ्लॅटमध्येही मी एकटीच असते, पण तिथे निदान भाजीवाल्याशी भांडता येतं. खालच्या मजल्यावरची मला वरून हाक मारते, मी तिला खाली हाक मारते, आणि मधल्या मजल्यावरचा माणूस दोघींना शिव्या घालतो. इथे भांडायला भाषा नाही. संध्याकाळी पोरं घरी येतात तेव्हा दिवसभर तुंबलेलं सगळं मी एकदम बोलायला लागते, आणि मुलगा हात खाली करून म्हणतो, "आई, हळू." माझा आवाज तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही मला घाटावरची घंटा म्हणायचात. वसईहून लढाईत जिंकून आणलेली ती देवळातली मोठी घंटा पुराच्या पाण्यातही ऐकू जाते तशी मी भट्टीच्या आवाजातही ऐकू येते, असं म्हणायचात आणि वर हसायचात. इथे मी हळू बोलायला शिकले आहे. परवा दुपारी लक्षात आलं, सकाळपासून आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही. म्हणून कुकरला म्हटलं, "बाबा, वाज रे." तो वाजला. तेवढाच संवाद.

चर्चकडे जायचा रस्ता मुलानेच दाखवला होता. गावाबाहेर दहा मिनिटं चालायचं, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. आपल्याकडच्यासारखे मांडव नाहीत, तारेवर कमरेएवढ्या वेली. आपल्याकडे आता ऑक्टोबर छाटणीची घाई असेल, पिंपळगावच्या रस्त्यावर मजुरांनी भरलेले टेम्पो धावत असतील, आणि इथे घड काढणं चाललंय. एकाच महिन्यात एकीकडे वेल बोडकी, दुसरीकडे लगडलेली, ह्याची मला उगाच गंमत वाटली आणि ती कुणाला सांगावी ते कळेना. रस्ता संपतो तिथे माळावर ते चर्च एकटंच उभं आहे. आजूबाजूला घर नाही, दुकान नाही, नारळ-फुलांची टपरी नाही. रेनेसाँच्या काळातलं आहे, पाचशे वर्षांपूर्वीचं, असं मुलगा म्हणाला होता. मला वाटलं होतं पुतळे, सोनं, लहान मुलांना पंख लावलेली चित्रं असं काहीबाही असेल. तसलं काहीच नाही. मधे चौकोन, चारी अंगांना एकेक अर्धगोल, वर घुमट. ज्या बाजूने बघावं त्या बाजूने सारखंच. मी चपला काढाव्यात तसे दाराबाहेर बूट काढले आणि मोजे घालून आत गेले. फरशी गार होती. भिंती पांढऱ्या, आणि त्यांच्यावर राखाडी दगडाच्या रेघा, कमानी आखून दिल्यासारख्या. घुमटातून येणारा उजेड सगळीकडे सारखा पसरलेला. उदबत्ती नाही, गर्दी नाही, "चला, पुढे चला" म्हणणारा कुणी नाही. आत येणाऱ्याला गप्प करायचं त्या जागेला बरोबर जमलं होतं, आणि गप्प बसायचा मला तर कंटाळा आला होता.

तुम्हाला ती जागा आवडली असती. कारण सांगते. घंटेचं तोंड केवढं, उंची केवढी, ओठ किती जाड आणि खांदा किती पातळ, हे तुम्ही कागदावर कधी काढलं नाहीत. बोटं, वीत आणि चार गाठींची एक सुतळी एवढ्यावर तुमचं सगळं गणित. "एक माप चुकलं की बाकीची मापं रडतात," असं म्हणायचात. त्या चर्चमध्ये एकही माप रडत नव्हतं. मी मधोमध उभी राहून सवयीने तोंडातल्या तोंडात "अण्णा" म्हटलं, तर ते वर जाऊन फिरून परत आलं. हळूच म्हटलं होतं, तरी. मला इतकं बरं वाटलं की मी पुन्हा म्हटलं.

आणि मग मला दोर दिसला. दाराच्या डाव्या अंगाला, जिथे घंटेचा मनोरा भिंतीला चिकटलेला आहे तिथे, छताच्या भोकातून तो खाली आला होता आणि भिंतीतल्या आकड्याला गुंडाळलेला होता. शेवटचा हातभर भाग माणसांच्या हातांनी काळा आणि गुळगुळीत झालेला. आता तुम्हीच सांगा, ओताऱ्याच्या मुलीने काय करावं? देवळात शिरल्यावर घंटेला हात लावल्याशिवाय आपण पुढे जातो का? आणि तुमच्या घरात तर त्याहून पुढची रीत. घंटा कुठेही दिसो, तुम्ही थांबायचात, टिचकीने का होईना वाजवायचात आणि डोळे मिटून मोजायला लागायचात. तुमच्या मते ठोका कुणाचाही चांगला येतो, घंटेची खरी परीक्षा मागून उरणाऱ्या आवाजात. तो पुरता विरेपर्यंत दुसरा ठोका द्यायचा नाही. मी लहान असताना कुणाच्या तरी लग्नाच्या वऱ्हाडातसुद्धा तुम्ही एका अनोळखी गावच्या देवळात असे मोजत उभे राहिला होतात आणि मागे दर्शनाची रांग खोळंबली होती, आईने तुमचा सदरा धरून ओढलं होतं. मी आकड्यावरून दोर सोडवला. पहिल्या ओढीत काहीच झालं नाही, वर नुसतं लाकूड करकरलं. दुसऱ्या ओढीत ती बोलली. अण्णा, काय बोलली म्हणून सांगू! पोटात शिरणारा, भरलेला, कुठेही न फाटलेला आवाज. मी दोर हातात धरून डोळे मिटले आणि मोजायला लागले. सत्तावीसपर्यंत गेले. पुरता विरला तेव्हा पुन्हा ओढला. पुन्हा सत्तावीस. मग पुन्हा. दीड महिन्यात पहिल्यांदा मला कुणी हळू म्हणालं नव्हतं. किती ठोके दिले ते सांगता यायचं नाही, दहा-बारा तरी असतील.

डोळे उघडले तर दारात एक म्हातारा उभा. टोपी काढून छातीशी धरलेली, बोटं द्राक्षांच्या रसाने जांभळी. त्याच्यामागे दोन बायका, त्यांच्याही हातात द्राक्षं कापायच्या कात्र्या. बाहेर ट्रॅक्टर तसाच सुरू. म्हातारा अगदी हळू आवाजात काहीतरी विचारत होता आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. मी हसले. ते हसले नाहीत. तेवढ्यात रस्त्याने एक सत्तरी उलटलेली बाई धापा टाकत आली. पोटावर स्वयंपाकाचा एप्रन, पायांत घरातल्या सपाता, एक हात छातीवर. तिने म्हाताऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या हातातल्या दोराकडे, आणि खांबाला टेकून ती खालीच बसली. मी मुलाला फोन लावला.

"आई, मीटिंगमध्ये आहे गं."

"मी चर्चमध्ये घंटा वाजवली आणि माणसं जमलीत. ह्यांच्याशी बोल."

फोन म्हाताऱ्याकडे दिला. दोघं बोलले. फोन परत माझ्याकडे आला तेव्हा मुलाचा आवाज बदललेला होता. "आई, तू कशी वाजवलीस?"

"कशी म्हणजे? आजोबा वाजवायचे तशी. एक ठोका, मग थांबायचं, आवाज संपला की दुसरा."

"अगं, कुणी वारलं की इथे तशी वाजवतात. हे लोक विचारतायत, कोण गेलं. गावात चाळीस-पन्नास माणसं उरलीत, सगळी म्हातारी. आणि त्या बसलेल्या बाई आहेत ना, त्यांचे मिस्टर आठ दिवस हॉस्पिटलमध्ये आहेत. त्यांना वाटलं हॉस्पिटलमधून निरोप त्यांच्याआधी चर्चमध्येच आला."

मी त्या बाईकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. मुलगा म्हणाला, "थांब, मी त्यांना सांगतो की तुला माहीत नव्हतं, तू पाहुणी आहेस, चुकून दोर ओढला गेला."

"चुकून नाही ओढला गेला," मी म्हटलं. "मी ओढला. त्यांना एवढंच सांग की कुणी गेलेलं नाही, मी वाजवली, चूक माझी आहे."

"आई, कशाला उगाच..."

"सांग म्हणते ना."

त्याने सांगितलं. म्हातारा दोन क्षण माझ्या मोज्यांकडे बघत राहिला आणि मग असा खदखदून हसला की घुमट हसला. बायकाही हसल्या, एकीने माझ्या दंडावर थापटलं, आणि ते आपल्या द्राक्षांकडे परत गेले. संपलं. अनोळखी देशात, अनोळखी माणसांसमोर माझ्या तोंडून "चूक माझी आहे" हे शब्द पहिल्या झटक्यात बाहेर पडले होते. जीभ अडखळली नाही, अंगाला घाम फुटला नाही. मी दोर हातात धरून तशीच उभी राहिले. कारण मला तुम्ही आठवलात, अण्णा, आणि तुमच्यासमोर जमलेली ती दुसरी माणसं.

ती बाई गेली नव्हती. तिने हॉस्पिटलमध्ये फोन लावला, नवऱ्याशीच बोलली असावी, कारण ती रडली आणि लगेच त्याच्यावर रागावलीही. मग बाकावर माझ्यासाठी जागा करून तिने ती हाताने थोपटली. मी बसले. तिने माझं मनगट धरलं आणि तिच्या भाषेत बोलायला लागली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कोण जाणे. मला काय कळणार? पण ऐकत राहिले, कारण मला कुणीतरी इतका वेळ काही सांगतंय ही गोष्टच नवी होती. ती थांबली तेव्हा मी बोलायला लागले. मराठीत. हळू नाही, माझ्या नेहमीच्या आवाजात. तिला जे सांगितलं तेच आता तुम्हाला लिहिते.

मी सोळा वर्षांची आहे. आई जाऊन दोन वर्षं झालीत, म्हणून तिचं माती कालवायचं आणि साचा राखायचं काम माझ्याकडे आलंय. वारुळाची माती, शेण, भाताचं तूस. तुम्ही मेणाची घंटा घडवायची आणि मी तिच्यावर मातीचे थर चढवायचे, एक वाळला की दुसरा. सिन्नरकडच्या एका गावाने मोठी घंटा सांगितली आहे, आजवर आपल्या भट्टीने ओतली नाही एवढी. साचा सावलीत वाळलाय, आतलं मेण तापवून बाहेर काढून झालंय, आता शेवटचे दोन दिवस त्याच्याभोवती गोवऱ्यांचा मंद विस्तव ठेवायचा आहे, आतला ओलावा पार निघून जाईपर्यंत. विस्तव वाढवायचा नाही, विझू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही कथील आणायला गेलात आणि मैत्रीण बोलवायला आली. गावात सर्कस आली होती, शेवटचा खेळ होता. मी गेले. जाताना गोवऱ्या जास्त घालून गेले, म्हणजे पुरतील. परत आले तर सगळं विझून राख झालेली, साचा गार. तुम्ही यायला तासभर होता. मी चिपाडं आणि लाकडं घालून धडाडून जाळ केला. तुम्ही आलात तेव्हा साचा बाहेरून हात लावता येऊ नये इतका तापला होता, आत ओल तशीच.

आपल्या भट्टीची एक रीत होती. धातू मुशीत वितळला की ओतायच्या आधी ओतणारा एकदाच विचारतो, "साचा?" आणि ज्याने साचा राखलाय तो म्हणतो, "तयार." त्यावर ओतणारा स्वतः तपासत नाही. ज्याचं काम त्याचा शब्द. पोर आहे म्हणून तुम्ही माझ्याबाबतीत ही रीत मोडली नाहीत. तुम्ही विचारलंत, "साचा?" मी म्हटलं, "तयार." तुम्ही ओतायला सुरुवात केलीत आणि साचा फुरफुरला, तोंडातून थुंकल्यासारखा धातू उडाला, तुमच्या उजव्या पावलावर पडला. तुम्ही हलला नाहीत. मूस रिकामी होईपर्यंत हलला नाहीत. नंतर मी पावलावर कोरफड बांधत होते आणि तुम्ही म्हणत होतात, "रडू नको, होतं असं, धातू जरा जास्त तापला असेल."

वरून घंटा चांगली दिसत होती. बारीक भोकं होती ती तुम्ही घासून, भरून काढलीत; ओलीच्या वाफेने आत राहिलेल्या पोकळ्या कुणाला दिसणार? तुमचा पाय बांधलेला, तरी तुम्ही तिच्याबरोबर गेलात, मीही होते. देवळापुढे लाकडी चौकटीला टांगली, सगळं गाव जमलेलं, पहिला ठोका तुम्ही दिलात. बद्द. मडकं बडवावं तसा आवाज, आणि मागे काहीच नाही. तुम्ही पुन्हा दिलात. गावकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. एक पागोटंवाले म्हातारबाबा पुढे आले, वाईट माणूस नव्हता तो, अगदी अदबीने बोलला. "अण्णा, ही तर बोलतच नाय. लय मुकी निघाली. देवाला काय सांगायचं आम्ही?" तुम्ही घंटेवर तळवा ठेवून उभे होतात. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत. म्हणालात, "मिश्रण फसलं. माझ्या हातचं चुकलं, बाबा." मी तुमच्यापासून चार हातांवर होते. तोंड उघडून "आमचा साचा ओला होता" असं म्हणायला किती वेळ लागला असता? माझा तो आवाज, भट्टीवर ऐकू जाणारा, त्या दिवशी कुठे गेला होता मला माहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी ती मूठ झाकली आणि सव्वा लाख तुमचे गेले.

त्यांनी दुसरी घंटा आपल्याकडे सांगितली नाही. तुम्ही ती मुकी घंटा फोडलीत, वितळवलीत, आणि पुन्हा मोठी घंटा ओतलीच नाहीत. देवघरातल्या, बैलांच्या, फार तर शाळेच्या. कुणी मोठ्या कामाचं विचारायला आलं की म्हणायचात, "आता हात राहिला नाही." बोळातली माणसंही तेच म्हणायला लागली, अण्णांचा हात गेला. हात कुठेही गेला नव्हता! पण तुम्ही तांबं आणि कथील पुन्हा पुन्हा तोलून बघायचात, आधी कधी तोललं नव्हतं ते. कधी कथील वाढवायचात, कधी कमी करायचात, ओतून झालेली छोटी घंटा कानाशी धरून कपाळाला आठ्या घालून बसायचात. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. पण तुमचं तोंड दुधाने पोळलंच नव्हतं, मी पोळवलं होतं, आणि तुम्ही सोळा वर्षं ताक फुंकत राहिलात. मी ते रोज बघत होते. लग्न होऊन नदीपलीकडे गेले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते.

आणि मग ती दुपार. तुम्ही अंथरुणाला खिळलेले, मी उशाशी मोसंबी सोलत बसलेली. अचानक म्हणालात, "त्या सिन्नरकडच्या घंटेचा साचा वाळला होता ना गं?" आवाजात राग नव्हता, संशयही नव्हता. जाण्याआधी एखादा हिशेब लागतोय का बघावा, तसं विचारलंत. मी बत्तीस वर्षांची होते, एका मुलाची आई होते. माझ्या हातात मोसंबी होती. मी म्हटलं, "हो अण्णा, खडखडीत वाळला होता." तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, "मग माझंच." आठव्या दिवशी तुम्ही गेलात. तुम्हाला कळलं होतं का? माझ्या तोंडून ऐकायचं होतं म्हणून विचारलंत का? की खरंच माहीत नव्हतं? एकोणतीस वर्षं मी ह्या तीन प्रश्नांवर निजते. कधी वाटतं तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही मला सांभाळून घेतलंत. पण हे मला सोयीचं आहे म्हणून वाटतं. नाहीतर सोळा वर्षं कथील तोलत कोण बसेल?

एवढं सगळं मी त्या बाईला सांगितलं, रडत, नाक पुसत. ती मधेमधे "सी, सी" म्हणत होती. इथे "सी" म्हणजे हो. मी "साचा ओला होता" म्हटलं, ती म्हणाली सी. मी "माझ्यामुळे त्यांचा हात गेला" म्हटलं, ती म्हणाली सी, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटत असेल माझं कुणी नुकतंच गेलंय. मग ती उठली, दोर घेतला आणि बाकावर चढून तो वर, माझ्या हाताला लागणार नाही इतक्या उंच आकड्याला पक्का बांधला. दोन गाठी मारल्या. खाली उतरून माझ्याकडे बोट नाचवलं, पुन्हा नाही हं, असं. मला त्याही स्थितीत हसू आलं. दारात तिने माझे बूट उचलून माझ्यासमोर ठेवले आणि आम्ही द्राक्षबागांमधून गावापर्यंत बरोबर आलो. वळणावर ती तिच्या घराकडे गेली, मी आमच्या. तिचं नाव मी विचारलं नाही, तिनेही माझं नाही. घरी आले. कुणी नव्हतं.

आज चार दिवस झाले. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिते आहे, पोळ्या करून ठेवल्यात. मुलाने परवा रात्री जेवताना ही घंटेची गोष्ट सुनेला रंगवून सांगितली, दोघं खूप हसले, मीही हसले. "पण आजोबा खरंच असे मोजायचे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, हो. "मग त्यांनी मोठ्या घंटा का बंद केल्या?" मी म्हटलं, वय झालं होतं. बघा, अजून तेच. तुमच्या नातवालाही तुमच्याविषयी चुकीचंच माहीत राहणार.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, हे निमित्त सोपं आहे. तुमच्या फोटोमागे ठेवता येईल, रामकुंडात सोडता येईल, काहीही करता येईल. मी त्यातलं काही करणार नाही. सहा वाजायच्या आत फाडून टाकेन, कारण मुलाला मराठी वाचता येतं. अण्णा, त्या बाईला मी सगळं सांगू शकले, कारण तिला कळत नव्हतं. तुम्हाला लिहू शकले, कारण तुम्ही वाचणार नाही. तुम्ही आत्ता ह्या खुर्चीत येऊन बसलात आणि मला पुन्हा विचारलंत, तर मी काय म्हणेन ते मला माहीत आहे. मी म्हणेन, वाळला होता.